वय, लिंग, अनुभव: कंट्रोल की मॉडरेटर? ‘यूटॉट’ मॉडेल आणि आपले प्रबंध



स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे एसईएम, वापरलेला एखादा प्रबंध उघडा आणि संशोधन आराखड्याचं चित्र बघा. डावीकडे चार-पाच लंबवर्तुळं, उजवीकडे एक, मध्ये बाण. आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन: ‘वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न’. काही प्रबंधांत या चौकोनावर ‘कंट्रोल व्हेरिएबल’ अशी पाटी असते, काहींत ‘मॉडरेटर’. विषय तोच, प्रश्नावली जवळपास तीच, चलही तेच. पाटी मात्र वेगळी. अमुक प्रबंधात अमुकच पाटी का, याचं कारण शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही.

मीडिएटर आणि मॉडरेटर यांतला फरक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. बॅरन आणि केनी यांचा १९८६ चा लेख रिसर्च मेथडॉलॉजीच्या प्रत्येक वर्गात येतो. पण कंट्रोल आणि मॉडरेटर यांतला फरक कुणी फारसा शिकवत नाही, कारण तो सोपा आहे असं गृहीत धरलेलं असतं. आज आपण तो एका प्रसिद्ध मॉडेलच्या आधारे तपासू. मॉडेल आहे ‘यूटॉट’, म्हणजे युनिफाइड थिअरी ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स अँड यूज ऑफ टेक्नॉलॉजी. यूपीआय, मोबाइल बँकिंग, ऑनलाइन शिक्षण अशा विषयांवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण याच मॉडेलपाशी येऊन थांबतात, म्हणून हे उदाहरण घेतलं.

आधी दोन शब्द वेगळे करू

समजा प्रश्न असा आहे: यूपीआय अ‍ॅप वापरायला सोपं वाटलं, तर ते वापरण्याचा इरादा वाढतो का?

वयाबद्दल आपण दोन वेगळी विधानं करू शकतो.

पहिलं विधान: तरुणांना अ‍ॅप सोपं वाटतं. शिवाय त्यांचे सगळे मित्र यूपीआय वापरतात, त्यामुळे सोपेपणाशी संबंध नसतानाही त्यांचा इरादा जास्त असतो. म्हणजे वय दोन्हीकडे हात घालतंय. वय लक्षात घेतलं नाही तर त्याचं श्रेय फुकटात सोपेपणाला मिळतं. हे श्रेय वेगळं काढायचं असेल तर वय कंट्रोल म्हणून घ्यावं लागतं.

दुसरं विधान: ज्येष्ठांच्या बाबतीत सोपेपणा फार महत्त्वाचा ठरतो. तरुण मुलगा अवघड अ‍ॅपही दोन दिवसांत शिकून घेतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत सोपेपणाने फारसा फरक पडत नाही. इथे वय हे सोपेपणाच्या परिणामाची ताकदच बदलतंय. हा मॉडरेटर.

ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, एकच खरं असू शकतं, किंवा एकही खरं नसेल. एकाचा पुरावा हा दुसऱ्याचा पुरावा नाही.

समीकरणात लिहिलं तर अजून स्पष्ट होतं. कंट्रोलच्या बाबतीत:

इरादा = अ + ब × सोपेपणा + क × वय

मॉडरेटरच्या बाबतीत एक पद वाढतं:

इरादा = अ + ब × सोपेपणा + क × वय + ड × (सोपेपणा × वय)

आता सोपेपणाचा परिणाम ‘ब’ एवढाच राहिला नाही. तो झाला ‘ब + ड × वय’. चित्रात आपण बाणावर बाण काढतो, पण सॉफ्टवेअरला बाणावरचा बाण कळत नाही. त्याला कळतं ते हे गुणाकाराचं पद. आणि ‘क × वय’ हे पद काढून टाकायची सोय नाही. मॉडरेटर घेतला की त्याचा सरळ परिणामही मॉडेलमध्ये राहिलाच पाहिजे.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. वय जसंच्या तसं वर्षांत घातलं, तर ‘ब’ म्हणजे वय शून्य असताना सोपेपणाचा परिणाम. नवजात बाळाचा यूपीआय वापरण्याचा इरादा! म्हणून सरासरी वजा करून चल केंद्रित करतात. त्याने ‘ब’ला अर्थ येतो. पण ‘ड’ची किंमत त्याने बदलत नाही, त्याची पी-व्हॅल्यूही बदलत नाही. ‘मीन सेंटरिंग केल्याने मल्टिकोलिनिअ‍ॅरिटीचा प्रश्न सुटला’ हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी एवढं आठवा.

विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी अजून एक सूचना. प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणजे तापमान आपण खरोखर स्थिर ठेवलेलं असतं. सर्वेक्षणात कुणी काहीच स्थिर ठेवलेलं नसतं. इथलं कंट्रोल हे हिशेबातलं कंट्रोल आहे, आणि तो हिशेब बरोबर यायचा तर तुम्ही काढलेलं कारण-परिणामाचं चित्र बरोबर असावं लागतं. शब्द एकच असल्यामुळे आपण या हिशेबावर प्रयोगशाळेइतका विश्वास टाकतो, आणि तिथेच फसगत होते.

२००३ च्या लेखाने काय चांगलं केलं

व्यंकटेश, मॉरिस, गॉर्डन डेव्हिस आणि फ्रेड डेव्हिस यांचा हा लेख २००३ साली ‘एमआयएस क्वार्टरली’मध्ये आला. तोपर्यंत लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात, यावर आठ वेगवेगळी मॉडेल्स चालू होती. लेखकांनी आठही मॉडेल्स एकाच माहितीवर तपासली. चार संस्थांतल्या २१५ कर्मचाऱ्यांकडून सहा महिन्यांत तीन वेळा माहिती घेतली. दोन संस्थांत नवी प्रणाली वापरणं ऐच्छिक होतं, दोन संस्थांत सक्तीचं. जुन्या मॉडेल्सनी इराद्यातल्या फरकाचा १७ ते ५३ टक्के भाग स्पष्ट केला. नव्या एकत्रित मॉडेलने ६९ टक्के. मग आणखी दोन संस्थांमध्ये १३३ जणांवर पडताळलं, तिथे ७० टक्के.

यूटॉटमधले चार मुख्य चल तुम्हाला माहीत असतील: परफॉर्मन्स एक्स्पेक्टन्सी म्हणजे कामात फायदा होईल ही अपेक्षा, एफर्ट एक्स्पेक्टन्सी म्हणजे वापरायला सोपं जाईल ही अपेक्षा, सोशल इन्फ्लुएन्स म्हणजे आपल्या महत्त्वाच्या माणसांचं मत, आणि फॅसिलिटेटिंग कंडिशन्स म्हणजे लागणारी साधनं आणि मदत. आणि चार मॉडरेटर: लिंग, वय, अनुभव, वापरातली ऐच्छिकता.

मला या लेखात सगळ्यात जास्त आवडतो तो परिकल्पनांचा भाग. प्रत्येक मॉडरेटर सगळ्या बाणांवर सरसकट लावलेला नाही. फायद्याच्या अपेक्षेवर फक्त लिंग आणि वय. सोपेपणावर लिंग, वय आणि अनुभव. सामाजिक प्रभावावर चारही. साधनं आणि मदतीवर वय आणि अनुभव. शिवाय दिशा सांगितली आहे. फायद्याच्या अपेक्षेचा परिणाम पुरुषांत, विशेषतः तरुण पुरुषांत जास्त असेल. सामाजिक प्रभाव स्त्रियांत, विशेषतः वयाने मोठ्या स्त्रियांत, सक्तीच्या ठिकाणी आणि अनुभव कमी असताना जास्त जाणवेल. अनुभव वाढला की सोपेपणाचं महत्त्व कमी होईल, कारण सवय झाल्यावर तो प्रश्नच उरत नाही. तुम्हाला यातली कारणं पटोत वा न पटोत, पण ती दिलेली आहेत. परिकल्पना चुकू शकेल अशा भाषेत लिहिलेली आहे. मॉडरेटर म्हणजे एक दावा आहे, हे या लेखकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि कुठे तो कमी पडतो

मोठा लेख आहे म्हणून हात जोडून पुढे जायचं, असं करू नये. माझ्या मते त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण ओझ्याची. सामाजिक प्रभावावर चार मॉडरेटर एकत्र, म्हणजे पाच चलांचा गुणाकार. तो गुणाकार मॉडेलमध्ये घालायचा तर त्याखालचे सगळे लहान गुणाकारही घालावे लागतात. हिशेब करून बघा. एकट्या सामाजिक प्रभावाचे चार मॉडरेटरबरोबर १५ गुणाकार होतात: ४ दोन चलांचे, ६ तीन चलांचे, ४ चार चलांचे आणि १ पाचांचा. तीन वेळची माहिती एकत्र केल्यामुळे ओळी ६४५ झाल्या, पण माणसं २१५च राहिली. पाच चलांचा गुणाकार समजून घेण्यासाठी ‘मोठ्या वयाच्या, कमी अनुभवाच्या, सक्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रिया’ अशा प्रत्येक कप्प्यात पुरेशी माणसं हवीत. रिचर्ड बागोत्सी यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर टीका केली. इरादा सांगायला ४१ स्वाश्रयी चल लागत असतील तर त्याला सिद्धान्त म्हणायचं का, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. ७० टक्के हा आकडा आपण सगळे उद्धृत करतो, पण तो या गुणाकारांसकटचा आकडा आहे, हे सांगत नाही. तुम्ही मॉडरेटर न घेता यूटॉट वापरलं, तर त्या ७० टक्क्यांवर तुमचा हक्क नाही.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. वय आणि लिंग हे कशाच्या तरी जागी उभे आहेत. वयामुळे सोपेपणाचं महत्त्व बदलतं असं दिसलं, तर खरं कारण वय आहे, की शाळेत घालवलेली वर्षं, की इंग्रजी वाचता येणं, की आधीची फसवणूक होण्याची भीती? भारतात वय आणि शिक्षणाची वर्षं यांचा घट्ट संबंध आहे. आजीच्या पिढीला शाळाच कमी मिळाली. मग मॉडरेटर वय आहे की शिक्षण?

इथे बहुतेक जण म्हणतील, ‘शिक्षण कंट्रोल म्हणून टाका, झालं.’ नाही झालं. शिक्षणाचा नुसता बाण इराद्याकडे काढला, तर शिक्षणाचा इराद्यावरचा सरळ परिणाम वेगळा होतो. पण शंका सरळ परिणामाची नव्हतीच. शंका अशी होती की सोपेपणाचा परिणाम शिक्षणामुळे बदलतोय आणि आपण ते वयाच्या नावावर खपवतोय. ती दूर करायची तर ‘सोपेपणा × वय’ याच्या शेजारी ‘सोपेपणा × शिक्षण’ हेही पद घालावं लागतं. येझरबिट, म्युलर आणि जड यांनी २००४ मध्ये हा मुद्दा नीट मांडला आहे. दावा मॉडरेशनचा असेल तर कंट्रोलही मॉडरेशनच्या पातळीवर लागतं. कंट्रोल आणि मॉडरेटर यांचा खरा संबंध इथे येतो, आणि प्रबंधांत नेमका हाच भाग कोरा असतो.

आपल्याकडे आलं ते मॉडेल कसं आलं

यूटॉटवरच्या नंतरच्या आढाव्यांत एक गोष्ट वारंवार नोंदली गेली आहे: बहुतेक अभ्यासांनी चार मुख्य चल घेतले आणि मॉडरेटर सोडून दिले. ते सोडायला योग्य कारणही असू शकतं. उदाहरणार्थ, सगळेच ऐच्छिक वापर करत असतील तर ऐच्छिकता मॉडरेटर ठेवण्यात अर्थ नाही. व्यंकटेश, थाँग आणि शू यांनी २०१२ मध्ये ग्राहकांसाठी यूटॉट-२ मांडलं, तेव्हा ऐच्छिकता याच कारणाने वगळली. पण कारण न देता वय आणि लिंग मॉडरेटरच्या खुर्चीवरून उठवून कंट्रोलच्या खुर्चीत बसवायचे, हे वेगळं. आणि तिथे बसवल्यावरही काम नीट होत नाही. चार चुका नेहमी दिसतात.

एक. बाण फक्त शेवटच्या चौकोनाकडे. डेव्हिसच्या १९८९ च्या टॅम मॉडेलमध्ये सोपेपणातून उपयुक्तता आणि उपयुक्ततेतून इरादा अशी साखळी आहे. वय कंट्रोल म्हणून घेतलं आणि त्याचा बाण फक्त इराद्याकडे काढला, तर साखळीतली पहिली कडी उघडीच राहते. काल्पनिक आकडे घेऊ. प्रमाणित एककांत वयामुळे सोपेपणा ०.४ ने कमी होतो, उपयुक्तता ०.३ ने कमी होते, आणि सोपेपणाचा उपयुक्ततेवर प्रत्यक्षात शून्य परिणाम आहे. तरीही सोपेपणा आणि उपयुक्तता यांत ०.४ × ०.३ = ०.१२ एवढा सहसंबंध दिसेल. नमुना ४०० चा असेल तर तो सार्थकही ठरेल. मग आपण मीडिएशन सिद्ध झालं म्हणून लिहून मोकळे. वय ज्या ज्या चलावर परिणाम करतं असं तुम्हाला वाटतं, त्या प्रत्येकाकडे बाण गेला पाहिजे, आणि बाकीच्या बाह्य चलांशी त्याचा सहसंबंध मोकळा ठेवला पाहिजे.

दोन. जे नंतर घडतं ते कंट्रोल करणं. ‘महिन्याला किती व्यवहार करता’ हे कंट्रोल म्हणून टाकलेलं बघायला मिळतं. पण व्यवहारांची संख्या ही सोपेपणाचा आणि आधीच्या इराद्याचा परिणाम आहे. ती स्थिर धरली की ज्याचा शोध घ्यायचा तोच परिणाम आपण कापून टाकतो. कधीकधी तर उलटंच चित्र दिसतं. वैद्यकशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे. १९७१ मध्ये येरुशाल्मी यांनी दाखवलं की कमी वजनाच्या बाळांमध्ये, धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्युदर धूम्रपान न करणाऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी होता. म्हणजे धूम्रपान चांगलं? अर्थातच नाही. आई धूम्रपान करत नाही तरी बाळाचं वजन कमी आहे, तर त्यामागे जन्मजात दोषासारखं अधिक गंभीर कारण असण्याची शक्यता वाढते. वजन हा धूम्रपानाचा परिणाम होता. त्यानुसार गट पाडले आणि तुलनाच बिघडली. ‘जेवढे जास्त कंट्रोल, तेवढा अभ्यास पक्का’ हा समज इथे कोसळतो. स्पेक्टर आणि ब्रॅनिक यांनी २०११ च्या लेखाच्या शीर्षकातच या समजाला संशोधन पद्धतीतली दंतकथा म्हटलं आहे.

तीन. कंट्रोलचा आकडा निष्कर्ष म्हणून वाचणं. ‘उत्पन्नाचा इराद्यावर सार्थक धन परिणाम आढळला’ असं वाक्य चर्चेच्या प्रकरणात येतं. पण उत्पन्न तुम्ही सोपेपणाचा परिणाम शुद्ध करायला घेतलं होतं. उत्पन्नाचा परिणाम शुद्ध करायला काय काय लागेल, याचा विचार केलाच नव्हता. त्या आकड्याचं काम तेवढ्यापुरतंच होतं.

चार. कंट्रोल सार्थक आला नाही म्हणून काढून टाकणं. कंट्रोल ठेवायचा की नाही हे चित्रावरून ठरतं, पी-व्हॅल्यूवरून नाही. थॉमस बेकर यांनी २००५ मध्ये सुचवलेला मार्ग साधा आहे: निकाल कंट्रोलसह आणि कंट्रोलशिवाय, दोन्ही द्या. फरक पडला तर का, ते सांगा.

मॉडरेटर म्हटलं की काय लागतं

आता दुसऱ्या पाटीकडे. एमॉसमध्ये किंवा स्मार्टपीएलएसमध्ये पुरुष आणि स्त्रिया असे दोन गट करून मॉडेल चालवणं सोपं आहे. मग लिहिलं जातं: ‘पुरुषांत परिणाम सार्थक, स्त्रियांत नाही, म्हणून लिंग मॉडरेटर आहे.’ हे चुकीचं आहे. आकडे बघा. पुरुषांत परिणाम ०.३०, प्रमाण त्रुटी ०.१२, गुणोत्तर २.५, सार्थक. स्त्रियांत परिणाम ०.२०, प्रमाण त्रुटी तीच, गुणोत्तर १.६७, सार्थक नाही. पण फरक किती? ०.१०. त्या फरकाची प्रमाण त्रुटी साधारण ०.१७, गुणोत्तर ०.५९. म्हणजे फरकाचा काहीच पुरावा नाही. गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये हीच गोष्ट सांगितली: सार्थक आणि असार्थक यांच्यातला फरक स्वतः सार्थक असेलच असं नाही. योग्य रीत अशी: एकदा तो मार्ग दोन्ही गटांत समान बांधून मॉडेल चालवा, एकदा मोकळा सोडून, आणि काय-स्क्वेअरमधला फरक तपासा. एकच मार्ग बांधला असेल तर ५ टक्के पातळीला ३.८४ ही सीमा.

त्याच्याही आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स. ‘हे अ‍ॅप वापरणं मला सोपं वाटतं’ या विधानाचा अर्थ दोन्ही गटांना सारखाच लागतो का? निदान फॅक्टर लोडिंग सारखी आहेत हे दाखवल्याशिवाय मार्गांची तुलना करता येत नाही. फूटपट्टी दोन असतील तर उंचीतला फरक माणसांचा की पट्टीचा, हे कसं सांगणार?

वयासारख्या सलग चलाचे ‘३५ पेक्षा कमी’ आणि ‘३५ पेक्षा जास्त’ असे दोन तुकडे करणं ही तिसरी सवय. ३४ आणि ३६ वयाची माणसं वेगळी झाली, ३६ आणि ७० वयाची एक झाली. गट पाडायचे कारण फक्त सॉफ्टवेअरची सोय. त्यापेक्षा गुणाकाराचं पद वापरा.

गुणाकाराच्या पदाची स्वतःची अडचण आहेच. सुप्त चलांचा गुणाकार नुसती बेरीज-सरासरी काढून केला, तर मापनातली त्रुटीही गुणली जाते. दोन मोजपट्ट्यांची विश्वसनीयता ०.८ असेल आणि त्या एकमेकींशी संबंधित नसतील, तर गुणाकाराची विश्वसनीयता ०.६४ उरते. म्हणजे मॉडरेशन असूनही दिसणार नाही. केनी आणि जड यांनी १९८४ मध्ये प्रॉडक्ट इंडिकेटरची पद्धत दिली. क्लाइन आणि मूसब्रुगर यांनी २००० मध्ये एलएमएस पद्धत दिली, ती एमप्लसमध्ये वापरता येते. या पद्धती शिकायला वेळ लागतो, पण मॉडरेशन हाच तुमच्या प्रबंधाचा मुख्य दावा असेल तर तो वेळ द्यावाच लागेल.

याचा परिणाम फक्त व्हायवापुरता नाही. ‘लिंगाचा मॉडरेटिंग परिणाम आढळला नाही’ हे वाक्य पुढे ‘स्त्री-पुरुषांसाठी वेगळा विचार करायची गरज नाही’ अशी शिफारस बनतं. लहान नमुना, कच्चं मापन, दोन गटांची घाईची तुलना, आणि त्यातून निघालेलं ‘आढळलं नाही’. त्याचा अर्थ ‘नाहीच’ असा होत नाही.

न दिसणारा कंट्रोल: तुमचा नमुना

एक कंट्रोल असा आहे की जो चित्रात कुणीच काढत नाही. गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला की उत्तर फक्त त्यांचंच येतं ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, इंटरनेट आहे आणि बऱ्याचदा यूपीआयही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आता आपला गुगल फॉर्म यातल्या कोणत्या स्त्रियांपर्यंत पोहोचला? ज्यांनी अडचणी आधीच ओलांडल्या आहेत त्यांच्यापर्यंत. त्या नमुन्यात लिंगामुळे फरक पडत नाही असं दिसलं, तर त्यात नवल काय? फरक जिथे पडतो तो दरवाजा आपण नमुना निवडतानाच बंद केला. हे नमुन्याच्या मर्यादांमध्ये एका ओळीत लिहून भागत नाही, कारण यामुळे मुख्य निष्कर्षच बदलू शकतो.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

चित्रातल्या कोपऱ्यातल्या चौकोनापाशी थांबा आणि प्रत्येक चलासाठी कागदावर उत्तरं लिहा. माहिती गोळा करण्याआधी, नंतर नाही.

१. हा चल माझ्या मुख्य कारणाच्या आधीचा आहे की नंतरचा? नंतरचा असेल तर तो कंट्रोल नाही.

२. तो कारण आणि परिणाम दोन्हींवर कसा परिणाम करतो? एक वाक्यात सांगता येत नसेल तर ‘आधीच्या अभ्यासांत घेतला होता’ हे कारण पुरेसं नाही.

३. त्याचे बाण साखळीतल्या कोणकोणत्या चलांकडे जातात?

४. तो परिणामाची ताकद बदलतो असा माझा दावा आहे का? असेल तर कोणत्या बाणावर, कोणत्या दिशेने आणि का?

५. तो दुसऱ्या कशाच्या जागी तर उभा नाही? असेल तर ते खरं चल मी मोजलंय का, आणि त्याचाही गुणाकार मॉडेलमध्ये आहे का?

६. हा फरक दिसायला लागणारी माणसं माझ्या नमुन्यात येतील का?

एकच चल कंट्रोलही असू शकतो आणि मॉडरेटरही. त्यात विरोध नाही. मात्र दोन्ही कारणं वेगवेगळी लिहा. आणि एखाद्या चलाबद्दल एकही उत्तर सापडलं नाही, तर तो चल चित्रातून काढा आणि नमुन्याच्या वर्णनाच्या तक्त्यात ठेवा. तिथे त्याची जागा योग्य आहे.

यूटॉट वापरणार असाल तर आधी २००३ च्या लेखातल्या परिकल्पना वाचा, ७० टक्क्यांचा आकडा नंतर. त्यांचा आराखडा आपल्या विषयाला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही, आणि त्यांच्या मॉडेलवर ओझंही जास्त आहे. पण प्रत्येक मॉडरेटरसाठी त्यांनी जेवढं कारण दिलं, तेवढं आपण आपल्या ‘वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न’ या चौकोनासाठी देतो का, हे मार्गदर्शकांनी विचारण्याआधी स्वतःला विचारून बघा.

पुढच्या लेखात मेझरमेंट इन्व्हेरियन्स टप्प्याटप्प्याने, लावान पॅकेजमधल्या उदाहरणासह बघू.